संत्र्याच्या डब्यात

जरीपटक्यातल्या माझ्या ओट्यावर गहू उगवतोय,
स्टीलच्या चाळणीत, ओल्या पंचाखाली.
जानेवारी आहे, मोड यायला चार दिवस लागले.
रोज सकाळी चहाच्या आधी
मी पंचाचं टोक उचलून बघायची,
बाळंतिणीच्या खोलीत डोकवावं तसं.

सासऱ्यांचा शब्द आहे त्याला: समनक.
मुलतानहून निघाले तेव्हा ते सहा वर्षांचे.
बरोबर काय आणलंत, विचारलं तर सांगतात,
एक आजारी मावशी
आणि तिच्या कढईतला कडछीचा आवाज.
मावशी गेली. प्रमाण कुणी लिहून ठेवलं नव्हतं.
सोहन हलवा. नाव तेवढं घरात उरलं,
रेशनकार्डावरून कमी करायचं राहून गेलेल्या माणसासारखं.

दूध फाटलं. फाटायलाच हवं होतं.
त्यात मोडांचं पीठ, मग साखर,
मग तूप, मग आणखी तूप, मग बघवणार नाही इतकं तूप.
लेखराज खुराणा, वय चौऱ्याऐंशी,
खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून बसले.
खांदा भरून आला, मी म्हटलं, झाला का?
अजून नाही.
कडेनं तूप सुटलंय.
अजून नाही.
बाबूजी, रंग बघा, खारकेसारखा आलाय.
त्यांनी बघितलं नाही. डोळे मिटून ऐकत होते.
अजून नाही.

मधेच कधीतरी कढईतून एक वास उठला
आणि माझा हात थांबला.
मुलतान मी नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नाही.
हा वास भिवापूरचा होता,
कुरोड्यांच्या दिवशीचा,
पहाटे चुलीवर रटरटणाऱ्या चिकाचा,
आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन ओळीनं उभी.
मी काही बोलले नाही.
त्यांचा वास त्यांना राहू दिला.

गोल पत्र्याचे डबे इतवारीत धुंडाळले, मिळाले नाहीत.
माळ्यावर होते ते काढले, संत्रा बर्फीचे,
झाकणावर अर्धं सोललेलं संत्रं.
एक गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मेश्रामांना,
एक दातांच्या डॉक्टरला
(बाबूजी म्हणाले, त्याचं गिऱ्हाईक वाढेल),
एक बराच वेळ बाजूला ठेवला.

आई नंदनवनला भावाकडे आहे, मोतीबिंदूसाठी.
अठरा वर्षांत माझ्या घरी दोनदा आली,
दोन्ही वेळा पाण्याची बाटली स्वतःची घेऊन.

तिनं एका डोळ्यानं झाकण वाचलं,
डबा उघडला, म्हणाली,
"हे संत्रा बर्फी नोहे."
"नाही."
तुकडा तोंडात टाकला. खाली कवळी, वर चारच दात.
मग खूप वेळ बोलली नाही.
हलवा चिकटला होता, मला कळत होतं.
पण तिचं न बोलणं मी अठरा वर्षं ऐकलेलं आहे,
हे त्यातलं नव्हतं.
शेवटी बोटानं टाळूवरचा तुकडा सोडवत तिनं विचारलं,
"काहून वं, चीक घेतला काय गव्हाचा?"
"मोड आणले आधी."
"गहू कोणता?"
"बन्सी."
"मंग बराबर हाय," आई म्हणाली,
आणि डबा उशाशी सरकवला,
नातवाचा हात पोचणार नाही असा.

रविवारी भाचा तोच डबा परत घेऊन आला.
रिकामा देत नसतात.
संत्र्याच्या खाली कुरोड्या होत्या,
मावाव्यात म्हणून पंचफुलाबाईंनी
स्वतः मोडून बसवलेल्या.
मी तेल तापवलं. बाबूजी खुर्चीसकट हजर.
पहिली टाकली, ती फुलून कढईभर झाली,
मी झारा पुढे केला.
"अजून नाही," ते म्हणाले.

जळली.
दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.